राहील, जाईल, पाहावं लागेल

रविवार, ७ डिसेंबर. सकाळी साडेनऊ. जागा: गोंदियाजवळचं कुडवा, काकाजींच्या घराचा खालचा मजला.

उपस्थित: काकाजींची मुलगी (रायपूरहून, काल संध्याकाळच्या गाडीने), काकाजींचा पुतण्या (केशोरीहून, मोटारसायकलने), रंगारी (अर्धा तास, भिंती पाहून गेला), आणि वरच्या मजल्यावरची भाडेकरू, म्हणजे मी.

गैरहजर असणाऱ्यांची नावंही लिहायची माझी पद्धत आहे. आज ती ओळ मोकळी सोडली.

काम: खालचा मजला रिकामा करणं. बुधवारी रंग लागणार आणि पुढच्या महिन्यात नवीन बिऱ्हाड येणार. मी अकरा कामांची यादी केली होती, त्यातली दहा जेवणाच्या आधी झाली. कपाट केशोरीला, भांडी मुलीकडे, पुस्तकं वाचनालयाला. औषधं मी ताब्यात घेतली, मुदत संपलेली वेगळी आणि चालू वेगळी. एका ग्रामीण दवाखान्यात औषधभांडार सांभाळायची माझी नोकरी आहे, त्यामुळे हे कोणी सांगावं लागत नाही.

अकरावं काम म्हणजे मागच्या खोलीची पश्चिमेकडची भिंत. तिचं काय करायचं हे कोणालाच ठरवता येत नव्हतं. त्या भिंतीवर काकाजींनी एक अख्खं जग काढून ठेवलेलं आहे. मंगोल घोडेस्वारांचं ते प्रचंड साम्राज्य कधी उभंच राहिलं नाही, असं जग.

*

चौदा वर्षांपूर्वी मी खोल्या पाहायला आले तेव्हा काकाजींनी मला आधी पाण्याची बाटली दाखवली. अर्धी भरलेली, झाकण घट्ट लावलेली. ती त्यांनी फरशीवर आडवी ठेवली, गुडघे टेकून तिच्याकडे एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले, "बाई, पानी मोरीकडे जाते. अजून का पायजे?"

मी वीज, पाण्याची टाकी, दारांच्या कड्या अशी सतरा प्रश्नांची यादी आणली होती. त्यांनी ती हातात घेऊन पूर्ण वाचली. मग आत हाक मारली, "अवो, आयकून राहिली का? आपल्या कामाची बाई आली."

ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी तलावांची मोजमापं घेण्यात गेली. जातीने कोहळी, या भागातले जुने तलाव ज्यांच्या पूर्वजांनी बांधले ते लोक. बाटली त्यांच्या पिशवीत कायम असायची. लग्नाला गेले तरी मांडवाचा उतार पाहायचे, आणि नवरीच्या बापाला बाजूला घेऊन पाऊस आला तर पाणी कोणत्या पंगतीत शिरेल ते सांगायचे.

दुसरी सवय कळायला मला जास्त दिवस लागले. काकाजी कोणाच्याही उंबऱ्याच्या आत बोलावल्याशिवाय पाऊल टाकत नसत. माझ्याकडे यायचं असेल तर जिन्याच्या खालच्या पायरीवर उभे राहायचे. हाक नाही, खोकणं नाही. मी कपडे वाळत घालायला बाहेर आले की दिसायचे.

"काकाजी, कधीपासून उभे आहात?"

"झाला असंन अर्धा घंटा."

"मग हाक मारायची ना!"

"बोलावलं तर येईन ना, बाई."

त्यांच्या घराण्याचा नियम होता. कोहळी तलाव बांधायला आपणहून कोणाच्या गावी जात नाही. ज्याला पाणी पाहिजे त्याने नारळ-सुपारी घेऊन यावं, बोलवावं, मग आपण जावं. न बोलावता बांधलेल्या तलावाची राखण गाव करत नाही, असं त्यांचे आजोबा सांगत. काकाजींनी तो नियम तलावापुरता ठेवला नाही. स्वतःच्या स्वयंपाकघराच्या दाराशीसुद्धा ते दुपारी एक वाजता येऊन उभे राहायचे, आणि काकीजी पोळीवरून मान न उचलता म्हणायच्या, "या जी, बसा." रोज. मग ते आत जायचे.

काकीजी पोवार. मीही पोवार. आमचे लोक पूर्वी माळव्यात धारकडे होते, तिकडे दिल्लीच्या मोगलांच्या काळात धामधूम झाली आणि पिढ्यांमागे वैनगंगेच्या खोऱ्यात उतरले, असं आमच्या घरोघरी सांगतात. काकीजी आमच्याशी पोवारी आणि झाडीबोली मिसळून बोलायच्या, आणि राग आला की दोघांशी हिंदीत.

कोहळ्याचं आणि पोवारणीचं लग्न त्या काळी कसं जमलं, हे मी एकदा काकीजींना विचारलं होतं. त्या तांदूळ निवडत होत्या. "आमच्या गावच्या तलावाची मोजनी कराले आला होता. आमचं घर पारीच्या, म्हंजे बांधाच्या, खालीच. तीन दिवस दुपारी उन्हात उभा राहे, आमच्या आंगनाकडे तोंड करून, येड्यावानी. ना पानी मांगे, ना सावलीत ये. चौथ्या दिवशी मीच म्हनलं, या जी, बसा." तांदळातला एक खडा त्यांनी बाजूला टाकला. "तवापासून बसूनच आहे."

*

घोडेस्वार घरात आले ते एका जुन्या पुस्तकातून. मुलीच्या कॉलेजातलं पुस्तक माळ्यावरून खाली काढलं होतं, रद्दीत द्यायला. काकाजी ते वाचत बसले आणि संध्याकाळी जिन्याखाली येऊन उभे राहिले. चेहरा पार उतरलेला. मला वाटलं, कोणी गेलं.

"बाई, त्या घोडेवाल्यांनी शहरं जाळली."

"कोणत्या घोडेवाल्यांनी?"

"जाळली ते जाळली. मानसं मारली, ते बी आपन कुठं कुठं वाचतोच. पन जाता जाता पाट फोडले! हजार वर्षांचे पाट! काऊन? पाटानं का केलं होतं त्याहीचं?"

आठशे वर्षांपूर्वी, इथून हजारो कोस दूर फुटलेल्या कालव्यांसाठी तो माणूस रात्री जेवला नाही. काकीजींनी बोलावलं, तरी.

आठवड्याने त्यांनी मागच्या खोलीची भिंत पांढरी केली आणि निळ्या खडूने काम सुरू केलं. पद्धत खात्यातलीच. एक बांध नसता तर पाणी कुठून कुठे गेलं असतं, हे नकाशावर काढतात तसं. वरच्या कोपऱ्यात, जिथे तो मोठा सरदार जन्मला असता, तिथे त्यांनी फक्त एक छोटी फुली मारली. त्याचं नाव ते घेत नसत. "ज्याले पुसला त्याचं नाव कायले घ्याचं? नाव घेतलं का तो पुन्हा घोड्यावर बसते."

त्या फुलीपासून निळ्या रेषा खाली निघाल्या. पाट फुटले नाहीत, म्हणून बागा राहिल्या. बागा राहिल्या, म्हणून माणसं पळाली नाहीत. पळाली नाहीत, म्हणून पुढच्यांना ढकललं नाही. नियम एकच: "पानी आपल्या मनानं चढत नाई." आधीच्या कारणातून पुढचं आपोआप उतरलं पाहिजे. आपल्याला हवं म्हणून रेघ वर ओढायची नाही.

भिंतीच्या कामात मी सामील झाले त्याला कारण माझाच स्वभाव. त्यांनी एकदा एका बैठकीत चाळीस गोष्टी विचारल्या: हे राहिलं असतं का, ते राहिलं असतं का. मी म्हटलं, असं नाही चालणार, रजिस्टर करू. तीन रकाने आखून दिले: राहील, जाईल, पाहावं लागेल.

ते रजिस्टर आजच्या दहा कामांत नाही. ते माझ्याकडे आहे. त्यात पहिल्या पानावर असं आहे. भात: राहील. नवेगावचा बांध: राहील. दिवाळीचे फटाके: जाईल (फटाक्यांची दारू घोडेवाल्यांमुळेच इकडे पोचली; काकाजींनी त्या वर्षापासून फुलबाजीसुद्धा लावली नाही). समोसा: पाहावं लागेल. गोंदियाचं रेल्वे स्टेशन: पाहावं लागेल. पुतण्या: राहील. पुतण्याने हे वाचलं तेव्हा फार खूश झाला होता. कोहळी राहणारच होते. त्यांना तलाव बांधायला काशीकडून गोंड राजाने बोलावून आणलं, असं त्यांच्यात सांगतात, आणि त्या बोलावण्यात घोडेस्वारांचा काही संबंध नव्हता.

एका दुपारी आम्ही दोघं रजिस्टर घेऊन बसलो होतो. भात वाढलेला होता, काकीजींनी दोनदा बोलावलं होतं. तिसऱ्यांदा त्या स्वतःच दारात आल्या. "भात ठंडो भयो जी," म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावरून रजिस्टर पाहू लागल्या.

"मी कोन्या रकान्यात?"

काकाजी हसले. पेन्सिल घेऊन भिंतीपाशी गेले आणि रेघेवर बोट ठेवून बोलू लागले. घोडेवाले नाहीत, म्हणून त्यांच्या वंशाचा मान सांगणारे बादशहा दिल्लीला नाहीत. ते नाहीत, म्हणून माळव्यातली धामधूम नाही. धामधूम नाही, म्हणून धारचे पोवार धारलाच. बोट तिथे थांबलं.

"म्हंजे?" काकीजी म्हणाल्या.

"म्हंजे तू धारले," काकाजी म्हणाले. "ही बाई बी धारले. हिची यादी बी धारले."

"आनि तुमी?"

"मी केशोरीले. आपल्या गावी."

"वा रे वा! बायकोपासून सुटाले येवढी मोठी बादशाही पुसून टाकली! मले सांगतलं असतं तर मायेरी गेली असती."

आम्ही तिघंही इतके हसलो की भात खरंच दगड झाला. पण मी रजिस्टरात लिहायला पेन उचललं तेव्हा काकाजींनी माझं मनगट धरलं. "जाईल मध्ये नको लिहू. पाहावं लागंल मध्ये लिही."

मी तसं लिहिलं. त्या दिवशी ती गंमत होती.

*

सहा वर्षांपूर्वी काकीजी गेल्या. दोन दिवसांचा ताप, तिसऱ्या दिवशी काही नाही. मुलगी तेरा दिवस राहून रायपूरला परतली. डबेवालीची व्यवस्था मीच लावून दिली होती, सकाळ-संध्याकाळ. पाचव्या दिवशी डबेवाली म्हणाली, "बाई, डबा तसाच वापस येऊन राहिला."

मी एक वाजता खाली गेले. काकाजी स्वयंपाकघराच्या दाराशी उभे होते. आत ओट्यावर डबा, ताट, पाण्याचा गडवा, सगळं मांडलेलं. ते उंबऱ्याबाहेर.

मी वर परत गेले, जिन्यात उभी राहिले आणि मोठ्याने हाक मारली, "या जी, काकाजी, बसा जेवायला!"

थोड्या वेळाने खालून ताट सरकल्याचा आवाज आला.

त्या दिवसापासून माझ्या रोजच्या यादीत ते पहिलं काम झालं: दुपारी एक, काकाजींना हाक. ड्यूटी असेल तेव्हा फोनवर. मोबाइलमध्ये गजर लावून ठेवला. लसीकरणाच्या गर्दीतही मी बाहेर व्हरांड्यात जाऊन म्हणायची, "या जी, बसा." शिपाई मला एकदा म्हणाला, "मॅडम, रोज कोनाले जेवाले बलावता? आमाले तं नाई बलावत कधी."

भिंतीचं काम पुन्हा सुरू झालं, पण आता काकाजींना समोशाशी आणि स्टेशनशी देणंघेणं नव्हतं. एकच रेघ. धारहून वैनगंगेपर्यंत काकीजींना कसं आणायचं. घोडेस्वार परत न आणता.

कारण तो सोपा उपाय होता, आणि मी तो सुचवलाही होता. फुली पुसा, सगळं पूर्वीसारखं. ते म्हणाले, "आनि फुटलेल्या पाटाचं का करू? त्या लेकराबाळाईचं का करू? माझ्या एका घरासाठी त्याहीची गावं पुन्हा जाळू?"

मग त्यांनी वाटा शोधल्या. दुष्काळ: माळव्यात पाऊस नाही, म्हणून माणसं पूर्वेला निघाली. आठ दिवसांनी स्वतःच खोडलं. "नर्मदा जवळ सोडून येवढ्या जंगलात कोन येते?" मग मिठाचे बैल घेऊन फिरणारे बंजारे, त्यांच्याबरोबर काकीजींच्या घरचं कोणी आलं. तीन महिने ती रेघ टिकली. मग खोडली. "तिच्या घरचे घर सोडनाऱ्यातले नाईत." मग काशीयात्रेला निघालेलं आणि वाट चुकलेलं कुटुंब. ती रेघ दुसऱ्याच दिवशी गेली. "येवढी वाट चुकत नाई, बाई."

प्रत्येक वेळी ते मला बोलवायचे, रेघ समजावायचे, आणि माझ्याकडे असं पाहायचे जसं दवाखान्यात लोक तपासणीचा कागद हातात देऊन आमच्या डॉक्टरांकडे पाहतात. मी माझ्या पद्धतीने तपासायची. एकदा, मार्चअखेरची धावपळ होती, डोकं दुखत होतं, मी म्हटलं, "काकाजी, लिहून टाका ना, 'आली'. दोन अक्षरं. भिंत तुमची, खडू तुमचा. कोण विचारणार आहे?"

त्यांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "भांडारात गोळ्या नसल्या, तर तू रजिस्टरात 'आल्या' लिहितेस का?"

"नाही."

"गोळ्याईसाठी नाई लिहीत. हे तं मानूस होय."

त्यानंतर चार दिवस मी एक वाजता हाक मारली आणि खालून उत्तर आलं, "भूक नाई." पाचव्या दिवशी मी सुट्टी टाकली, खाली गेले आणि त्यांच्या दाराबाहेर उभी राहिले. हाक नाही, खोकणं नाही. उन्हात. ते आत खाटेवर बसून मला पाहत होते. मी किती वेळ उभी होते ते माझ्याकडे लिहिलेलं आहे: चाळीस मिनिटं. शेवटी ते हसायला लागले. "ये बाई, ये. तू बी कोहळीच झाली."

*

या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी त्यांना दवाखान्यात ठेवलं. तीन आठवडे. शेवटच्या दिवसांत आवाज खोल गेला होता. मी एक वाजता खाटेशेजारी बसून हाक मारायची आणि पेज भरवायची. एकदा म्हणाले, "बाई, घरी गेल्यावर तुले एक विचाराचं आहे."

"आत्ताच विचारा ना."

"नाई. भिंतीसमोर."

घरी आलेच नाहीत. ते काय विचारणार होते, हे माझ्या यादीत तेव्हापासून प्रश्नचिन्ह घालून पडलं होतं.

आज साडेबाराला मुलगी त्या भिंतीसमोर उभी होती. तिला भिंत माहीत होती, पण असं समोर उभं राहून तिने ती कधी वाचली नव्हती. पुतण्या म्हणाला, "फोटो काढून घे अन् रंग मारू दे. कोन पाहते आता?" खालच्या कोपऱ्यात राइस मिलचं एक कॅलेंडर टांगलेलं होतं, ते काढायला तिने हात घातला.

"ताई, इधर आइए. ये क्या है?"

कॅलेंडरच्या मागे एक निळी रेघ होती. मी ती कधी पाहिलेली नव्हती. आतापर्यंतच्या सगळ्या रेघा धारहून निघायच्या आणि मध्येच कुठेतरी खोडलेल्या असायच्या. ही केशोरीहून निघाली होती. पश्चिमेकडे. जंगल, नर्मदा, सगळं ओलांडून, कुठेही न खोडता, ती थेट धारपाशी जाऊन थांबली होती. तिच्यावर त्यांच्या सरकारी अक्षरात लिहिलेलं:

"ती येत नाही, हे मान्य. मी जातो. काम: तलाव बांधणे."

इतकी वर्षं आम्ही दोघं काकीजींना इकडे आणायला बसलो होतो. मी, जी दिवसाला वीस गोष्टी उलटसुलट तपासते, तिला एकदाही सुचलं नाही की काकाजी जाऊ शकतात.

रेघ जिथे धारला टेकत होती तिथे एक छोटा चौकोन आखलेला होता. रिकामा. त्याच्याशेजारी लिहिलं होतं: "बोलावणं कोणाचं?" आणि त्याच्याखाली, अगदी बारीक: "बाईला विचारणे."

मुलीने वाचलं, पुन्हा वाचलं. मग माझ्या हातातली पेन्सिल माझ्याच मुठीत दाबत म्हणाली, "लिख दीजिए ना ताई. आईचं नाव लिहा. तुम्हांला तर माहीत आहे, बाबांना पहिल्यांदा कोणी बोलावलं होतं."

मला माहीत होतं. तांदळातला खडाही आठवत होता. पण त्या वेळी काकाजी काकीजींच्या अंगणासमोर उभे होते. तीन दिवस डोळ्यांना दिसत होते, म्हणून चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या. धारच्या काकीजींना केशोरीचा एक माणूस जगात आहे, हे कोण सांगणार? ते तर बोलावल्याशिवाय निघणार नाहीत. आणि काकीजींनी पाहिल्याशिवाय बोलवायचं कोणाला? कोणी वाटेने जाणारा, केशोरीचा तलाव पाहिलेला, धारच्या आटलेल्या विहिरीवर पाणी प्यायला थांबलेला. मिठाचे बैलवाले? असू शकेल. पण असू शकेल म्हणजे पाहावं लागेल.

"लिहीन," मी म्हटलं. "आज नाही."

तेवढ्यात माझ्या मोबाइलचा गजर वाजला. एक वाजला होता. तो बंद करायचं काम मी दोन महिने पुढे ढकलते आहे. मुलीने विचारलं, "कसला?" मी सांगितलं. ती स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत राहिली. मग डोळे पुसून आत गेली, बांधलेल्या भांड्यांतून चार ताटं काढली आणि आतूनच म्हणाली, "या जी, बसा." पुतण्या आणि मी आत गेलो. चौथं ताट का घेतलं हे कोणी विचारलं नाही.

जेवण झाल्यावर रंगाऱ्याला फोन केला: तीन भिंती रंगव, पश्चिमेची सोड. नवीन बिऱ्हाडाला काय सांगायचं ते मी पाहून घेईन. भाड्याच्या खोलीत अर्धवट जग असू नये, असं कुठे लिहिलेलं नाही.

कामं १ ते १०: झाली.
काम ११, पश्चिमेची भिंत: रंग लावायचा नाही. कॅलेंडर परत टांगलं.
काम १२ (नवीन), धारला काकाजींची खबर कोणी नेली असती, ते शोधणे. मग चौकोन भरणे: बाकी.